तिघांत एक विस्तव

निदियाच्या केसांना मी रंग लावत होते तेव्हा तिने ती बातमी दिली. माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या बायका वाईट बातम्या अशाच देतात, डोकं माझ्या ताब्यात देऊन. त्यांना वाटतं, रंग अर्धवट लागलेला असताना मी काही ब्रश टाकून निघून जाणार नाही.

"सुल्मा, ओरडू नकोस," ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली. "बागेतल्या भट्ट्या बहुतेक काढून टाकणार."

"कोण काढणार?"

"नगरपालिका."

"म्हणजे तू."

"म्हणजे आम्ही. मी एकटी थोडीच आहे तिथे!"

निदिया आमच्या गावच्या नगरपालिकेत बागा, झाडं आणि भटकी कुत्री बघते. कुत्र्यांच्या बाबतीत तिचं कुणी ऐकत नाही, म्हणून सगळा जोर बागांवर. मी ओरडले नाही. ब्रश फक्त थोडा जोरात फिरला आणि तिच्या कानाला रंग लागला.

झालं होतं असं, की नदीकाठच्या बागेसमोर चार मजली नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर ओफेलियाबाई राहायला आल्या. राजधानीतून आलेल्या, निवृत्त, एकट्या. बागेत निलगिरीच्या झाडांखाली विटांच्या तीन भट्ट्या आहेत. माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. दर रविवारी तिथे आसादो होतो. लाकडं पेटतात, जाळीवर मांस चढतं, अख्खं गाव तिथे असतं. आणि वारा नदीकडून आला की धूर सरळ ओफेलियाबाईंच्या घरात. त्यांनी तक्रार केली. 'माझे पडदे आता चावून खाण्यासारखे झाले आहेत,' असं म्हणे त्या भर सभेत म्हणाल्या.

"मग खा म्हणावं," मी म्हणाले.

"हसण्यावारी नेऊ नकोस. अख्खी इमारत तिच्या बाजूने आहे. मी मोठ्या मुश्किलीने मधला मार्ग काढलाय. तीन भट्ट्या पेटवायच्या नाहीत, एकच पेटवायची. सगळ्यांनी मिळून. येत्या रविवारी करून दाखवा. धूर कमी झाला आणि मारामाऱ्या झाल्या नाहीत, तर एक भट्टी राहील. नाहीतर तिन्ही पाडायच्या आणि तिथे फुलझाडं लावायची."

"एकच विस्तव? तिघांत?"

"हो. त्यात काय एवढं?"

मी शेजारच्या खुर्चीत बसूनच घेतलं. ही बाई इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि विचारते त्यात काय एवढं! आमच्याकडे पुरुष एकमेकांना गाडी देतात, घर देतात, वेळ पडली तर रक्तसुद्धा देतात. पण दुसऱ्याच्या विस्तवाला हात लावत नाहीत. ज्याने पेटवला त्याचा तो. त्यातलं एक लाकूड सरकवायचं नाही, निखारा ढोसायचा नाही, 'जरा जाळ कमी कर' असं म्हणायचं नाही. नुसतं फार वेळ टक लावून बघितलं तरी माणसं तुटतात. माझ्या मावसभावाने सासऱ्याच्या भट्टीत एक ढलपी टाकली होती, बस, एक ढलपी! नंतर त्याच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा सासरा आला नाही.

आणि या तीन भट्ट्यांवरचे तीन आसादोर म्हणजे तर एकापेक्षा एक. आसादोर म्हणजे तो विस्तव राखणारा, मांस भाजणारा, सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याउभ्याच खाणारा माणूस. पहिला यामांदू, आमचा खाटीक. नाकावर माशी बसू देत नाही. दुसरा वॉशिंग्टन, बस चालवतो. अख्ख्या उरुग्वेमध्ये वॉशिंग्टन नावाचे लोक पैशाला पासरी आहेत, पण इतका जाडा आणि इतका रडका एकच. आणि तिसरा माझा नवरा, एलादियो.

खरं सांगायचं तर मला भट्ट्यांचं काही पडलं नव्हतं. मांस काय, घरी तव्यावरही भाजता येतं. मला पडलं होतं ते एलादियोचं.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. छोटीशी होती, वेळेवर दवाखान्यात नेला, स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. बोलणं शाबूत, चालणं शाबूत. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. पण तो जो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, तो उठेचना. वीजमंडळात खांबांवर चढून आयुष्य काढलेला माणूस! दाढी नाही, अंघोळीचा कंटाळा, टीव्ही लावायचा तो आवाज बंद करून. सोमवार ते शनिवार माझ्या घरात एक खुर्ची असायची आणि तिच्यात कपडे ठेवलेले असायचे. रविवारी त्या कपड्यांत माझा नवरा यायचा. माझ्याआधी उठायचा, दाढी करायचा, कमरेला मागे सुरी खोचायचा आणि बागेत जायचा. आमच्या घराला ना अंगण ना गच्ची. पुढे पार्लर, मागे दोन खोल्या. भट्टी गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की तो गेला. इतकं ते सरळ होतं.

हे मी निदियाला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर म्हणते, एकच विस्तव करा आणि भांडू नका. एक दिवस फक्त. तू बघ ना त्यांच्याकडे. तुला सगळे घाबरतात."

"तू घाबरतेस?"

"माझं अर्धं डोकं अजून पांढरं आहे, सुल्मा. मी आत्ता घाबरणार नाही तर कधी घाबरणार?"

गुरुवारी मी तिघांना यामांदूच्या दुकानात गोळा केलं. वर आकड्यांना बरगड्या टांगलेल्या, खाली हे तिघे तोंडं फिरवून उभे. माटेचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, तुंबा हातोहात फिरत होता म्हणून निदान कुणी निघून गेलं नाही. आमच्याकडे आपली पाळी येण्याआधी उठणं वाईट दिसतं. मी मुद्दाम पाणी जपून ओतत होते.

"वयाने मोठा एलादियो," मी म्हणाले. "विस्तव त्याचा. मांस यामांदूचं. वॉशिंग्टनने चोरिसो बघायचे."

"फक्त चोरिसो?" वॉशिंग्टनचा चेहरा पडला. "मी काय लहान मूल आहे सॉसेज परतायला?"

"मग मोर्सियासुद्धा बघ, रक्ताचे सॉसेज."

"आणि मीठ कोण ठरवणार?" यामांदूने विचारलं.

"मीठ देव ठरवेल. तुम्ही तोंडं बंद ठेवायची."

यामांदू पुटपुटला, वॉशिंग्टनने उसासा टाकला, पण दोघेही कबूल झाले. मला वाटलं, एलादियो खूश होईल. अख्ख्या गावासमोर तो एकटा आसादोर, म्हणजे केवढा मान! तो नुसता त्या बरगड्यांकडे बघत होता. "केवढ्या आहेत," एवढंच म्हणाला.

घरी येतानाही गप्प. शुक्रवारी गप्प. शनिवारी जेवला नाही. मी मनात म्हटलं, मानाने फुगलाय मेला, फुगू दे. रविवारी मी उठले तर हा खुर्चीत. दाढी वाढलेली.

"अरे, ऊठ! आज सगळं गाव येणार आहे."

"उठतो."

"दाढी?"

"राहू दे. धुरात काय दाढी."

इतकी वर्षं धुरातच तर दाढी करून जात होता. पण मला सॅलड करायचं होतं, उकडलेले बटाटे सोलायचे होते, पाव आणायचे होते. मी फार विचार केला नाही.

बागेत ही गर्दी! जे एरवी येत नाहीत तेही तमाशा बघायला आले होते. निदिया नव्या तपकिरी केसांत झाडाखाली उभी, एक कान अजून किंचित रंगलेला. आणि ओफेलियाबाई खाली उतरून आल्या होत्या, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. त्यांनी एक पांढरास्वच्छ टॉवेल आणला होता. तो त्यांनी भट्टीजवळच्या फांदीवर वाळत घातला आणि निदियाला म्हणाल्या, "जेवणं झाल्यावर या टॉवेलचा वास घ्यायचा. तुम्ही आणि मी. बाकी मला काही बोलायचं नाही."

"बाई कडक आहे," माझ्या शेजारी उभा असलेला वॉशिंग्टन कुजबुजला.

"तू कशाला घाबरतोस? तुझा टॉवेल आहे का?"

एलादियोने विस्तव पेटवला. आमच्याकडे भट्टीच्या एका बाजूला लोखंडी टोपली असते. तिच्यात लाकडं जळतात, निखारे खाली पडतात, आणि आसादोर ते लांब दांड्याच्या फावड्याने ओढून जाळीखाली पसरतो. जाळ टोपलीत, निखारे जाळीखाली. लाकडं नीट जळाली की धूर होत नाही. धूर होतो तो विस्तवाकडे कुणी बघितलं नाही की.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग वॉशिंग्टनने गाडीतून कोळशाची पिशवी आणली.

"हे काय?" एलादियो म्हणाला.

"असू दे रे. म्हटलं निखारे कमी पडले तर..."

एरवी एलादियोने त्याची जन्मभर पुरेल इतकी चेष्टा केली असती आणि विषय संपला असता. पण हा एकदम उसळला. "कोळसा? माझ्या विस्तवात? तू बस चालवतोस की आगगाडीचं इंजिन? घेऊन जा ती पिशवी आणि तूही जा!"

"अरे, मी फक्त..."

"जा म्हणतो ना!"

वॉशिंग्टनचे डोळे भरले. पिशवी उचलून तो गाडीत जाऊन बसला, काचा वर करून. तोवर यामांदू मोठ्या ताटात बरगड्या घेऊन आला. एलादियोने त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि चाटलं.

"मीठ लावलंस?"

"थोडंसं. वरवर."

"भाजायच्या आधी? आधी मीठ लावणारा माणूस मांस विकतोच कशाला? चपला वीक! तुझ्या बापाला भाजता येत नव्हतं, तुला काय येणार!"

यामांदूचा बाप फक्त मागच्याच वर्षी गेला होता, आणि एलादियो त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला होता. यामांदूने ताट जाळीवर रिकामं केलं, ॲप्रन सोडला, घडी केली आणि एका बाकावर पाठ फिरवून बसला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग एलादियोने ते केलं जे मी कधी पाहिलं नव्हतं. फावडं भिंतीला टेकवलं, म्हणाला, "आता कुणीच नाही करायचं," आणि येऊन माझ्या खुर्चीत बसला, सॅलडच्या टेबलापाशी.

झालं! जाळीवर कच्च्या बरगड्या आणि वॉशिंग्टनने आधीच चढवलेले चोरिसो, टोपलीत लाकडं कोसळून धुमसायला लागलेली, आणि भट्टीपाशी कुणी नाही. बागेत इतकी माणसं, त्यातल्या निम्म्यांना आसादो येतो, पण एकही पाऊल पुढे येईना. विस्तव एलादियोचा. तो बसून राहिला तर तो कुणाचा होणार? धूर वाढला. पांढरा, दाट धूर. वाऱ्याने तो उचलला आणि सरळ त्या टॉवेलाकडे नेला. निदियाने डोळे मिटून घेतले. ओफेलियाबाई खुर्चीत टेकून बसल्या, घरबसल्या खटला जिंकल्यासारख्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एलादियोसमोर जाऊन उभी राहिले.

"ऊठ. लाज वाटते का काही? तिघांनी मिळून भट्ट्या बुडवल्या असत्या तर एक वेळ समजले असते. तू एकट्याने बुडवतोयस!"

तो खाली बघत होता. "सुल्मा, हळू."

"हळू काय? यामांदूच्या बापापर्यंत गेलास, आणि मी हळू?"

"मला उचलवत नाही," तो म्हणाला.

"काय उचलवत नाही?"

"फावडं. भरलं की हात थरथरतो. निखारे सगळीकडे सांडतात." त्याने टेबलाखाली उजवा हात जरा वर केला आणि मी बघितलं. तो हात त्याचा नव्हताच, स्वतःच्या मर्जीने हलत होता. "हिवाळ्यापासून. आपण इतके महिने नुसते चोरिसोच, चार निखाऱ्यांवर होणारे, का खातोय असं तुला वाटलं?"

डॉक्टरांनी बरगड्या बंद केल्यात, असं त्याने मला सांगितलं होतं. आणि मी मानलं! घरात तो हाताने करतो काय? रिमोट धरतो. भट्टीवर तर कुणी कुणाकडे बघतच नाही आमच्याकडे. त्या रीतीच्या आड हा इतके रविवार लपून बसला होता, माझ्यापासून चार पावलांवर.

"मग ते भांडण?"

"लोक भांडखोर म्हणाले तर चालेल मला." त्याने वर बघितलं. "सांगू नकोस कुणाला."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. मला त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, छातीशी धरावंसं वाटलं. माझ्यापासून लपवलंस? माझ्यापासून? पण एकीकडे धूर होत होता आणि टॉवेल होता. मी सुरी आणि टोमॅटो त्याच्यासमोर सरकवले.

"डाव्या हाताने चीर," मी म्हणाले. "आणि बोलत राहा."

मी भट्टीपाशी गेले आणि फावडं उचललं.

बागेत असा आवाज झाला जसा कुणी तरी नदीत पडल्यावर होतो. वॉशिंग्टन गाडीची काच खाली करून ओरडला, "सुल्मा! अगं, तो एलादियोचा विस्तव आहे!"

"आणि एलादियो माझा आहे! तू काच लाव!"

आता मला आसादो येत होता का? छे! आमच्याकडे बायका सॅलड करतात आणि वास घेतात. मी फावडं टोपलीखाली घातलं ते निम्मी राख घेऊनच बाहेर आलं. मागून आवाज आला, खालच्या पट्टीत, ओठ न हलवता, "राख झटक. लाकडं मोकळी कर आधी. त्यांना हवा हवी."

"कांदा किती चिरलास?" मी मोठ्याने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चिरतोय. मोठं लाकूड उभं कर. असं नाही. उभं म्हणजे उभं, बाई."

"बटाट्यात मेयोनीज घाल!"

"घातलं. आता हाडांखाली जास्त निखारे, कडेला कमी. मध्ये हात धर. चार मोजेपर्यंत धरवला पाहिजे."

मी हात धरला. दोनलाच काढून घेतला आणि एक अशी शिवी दिली की पहिल्या रांगेतल्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. "जास्त झालं," तो म्हणाला, आणि मला चक्क हसू ऐकू आलं त्याच्या आवाजात. कित्येक महिन्यांनी. "थोडे मागे ओढ. रागाने नको ओढू. तुझं सगळंच रागाने असतं."

"टोमॅटो बारीक!"

"बारीकच आहेत. माझ्या रक्तासकट."

लाकडं मोकळी झाली तशी धडधडून पेटली, आणि हळूहळू धूर पातळ होत गेला. मग नुसती गरम हवा लहरताना दिसायला लागली. चरबी टपकायला लागली, तो चरचर आवाज सुरू झाला, आणि बसलेली माणसं न सांगता खुर्च्या ओढत जवळ आली. यामांदू बाकावरून उठला होता. हात पाठीमागे घट्ट बांधून तो भट्टीजवळ उभा राहिला. त्याला दिसत होतं की चोरिसो एका बाजूने करपतायत. बोलणार कसा? विस्तव दुसऱ्याचा. बिचाऱ्याच्या कपाळाला घाम फुटला.

"यामांदू," मी म्हणाले, "काही म्हणायचंय का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हणतो ना! फक्त..." त्याने हनुवटीने जाळीकडे खूण केली. "माझी आई असती तर तिने ते चोरिसो आत्ता उलटले असते."

"मग तुझ्या आईचं ऐकते," मी म्हणाले आणि उलटले. एका बाजूने काळे ठिक्कर झालेच होते. चालायचंच.

शेवटी सगळ्यांना वाढलं. माझ्या भुवयांचे केस जळले होते, घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि आसादोराच्या रीतीप्रमाणे मी अजून एक घासही खाल्ला नव्हता. बरगड्या, आता स्वतःच कशाला सांगू, पण हाडावरून मांस सुटत होतं. वॉशिंग्टन गाडीतून कधी उतरला आणि कितीदा वाढून घेऊन गेला ते कुणाला कळलं नाही. ओफेलियाबाई आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, एक छोटासा तुकडा, चवीपुरता. मग त्यांनी माझ्याकडे ताट पुन्हा पुढे केलं आणि दुसरीकडे बघत विचारलं, "ती कडेची, जरा कुरकुरीत झालेली, ती कुणाची आहे का?"

"तुमचीच आहे," मी म्हणाले.

जेवणं झाल्यावर त्या आणि निदिया टॉवेलापाशी गेल्या. सगळी बाग श्वास रोखून बघत होती. दोघींनी टॉवेलाचं एकेक टोक नाकाला लावलं. निदियाने ओफेलियाबाईंकडे बघितलं.

"वास आहे," ओफेलियाबाई म्हणाल्या.

मी फावडं पुन्हा हातात घेतलं.

"पण तो भट्टीपाशी कुणी नव्हतं तेव्हाचा आहे," त्या म्हणाल्या. "ही बाई आल्यावर काही नाही. एका विस्तवाला माझी हरकत नाही. फक्त पुरुषांना भांडायला घरी पाठवत जा."

बागेत एकच हशा आणि ओरडा झाला. निदियाने दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं की एक भट्टी राहणार, दर रविवारी. माझा जीव भांड्यात पडला. मी एलादियोकडे बघितलं. तो सॅलडचं रिकामं भांडं मांडीवर घेऊन बसला होता.

आमच्याकडे खाणं संपलं की कुणी तरी ओरडतं, 'आसादोराला टाळ्या!' आणि सगळे हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवतात. दर वेळी, प्रत्येक आसादोला. तेवढीच त्याची मजुरी. त्या दिवशी वॉशिंग्टन सवयीने उभा राहिला आणि भरल्या तोंडाने ओरडला, "आसादोराला टाळ्या!" आणि तसाच थांबला. कारण टाळ्या द्यायच्या कुणाला? विस्तव ज्याने पेटवला त्याचा. सगळ्यांच्या माना एलादियोकडे वळल्या.

त्याने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. टाळ्या झाल्या असत्या, तो पुन्हा आसादोर झाला असता, मी पुन्हा सॅलड केलं असतं. आणि खरं सांगते, मी ते आनंदाने होऊ दिलं असतं. मी नजरेने त्याला तसं सांगितलंसुद्धा. घे, मेल्या, घे.

एलादियो उठला. भांडं टेबलावर ठेवलं. माझ्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

उजवा हात वर गेला आणि सगळ्या गावासमोर थरथरायला लागला. टेबलाखाली दिसला होता त्याहून कितीतरी जास्त. त्याने टाळी मारली, ती हुकली. पुन्हा मारली, बोटांना बोटं लागली, आवाज झालाच नाही. कुणी हललं नाही. तो माझ्याकडे बघत होता, दाढी वाढलेली, अंगठा टोमॅटो चिरताना कापलेला, आणि हुकलेल्या टाळ्या वाजवत होता. थांबतच नव्हता.

यामांदू त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या हातातल्या फावड्याकडे बघितलं, मग पुन्हा हाताकडे. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला. तो एलादियोच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून, आणि त्याने स्वतःचे ते खाटकाचे दोन पंजे वर नेऊन अशी टाळी वाजवली की पाखरं उडाली. मग वॉशिंग्टन, रडतरडत. मग निदिया. मग सगळी बाग.

मी फावडं छातीशी धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेजारी ओफेलियाबाई उभ्या होत्या.

"धुराने," मी त्यांना म्हणाले.

"धूर केव्हाच संपला, बाई," त्या म्हणाल्या आणि तो पांढरा टॉवेल माझ्या हातात दिला.